हिमाच्या वाळवंटातील लहरी वसंत



फाल्गुन सरत येतो, शिवारातला गहू पिवळा पडून विळ्याची वाट पाहू लागतो, आणि आपल्या माळव्यातल्या व ग्वाल्हेरकडच्या शेतकऱ्यांची नजर वरचेवर वायव्येकडे वळू लागते. त्या बाजूला पांढुरका पडदा दिसू लागला, वाऱ्याने दिशा बदलली, की घरातली जाणती माणसे म्हणतात, "पेंढ्या झाका रे." हा पाऊस माघात आला तर आपण त्याला मावठा म्हणतो आणि हरभऱ्याला मानवला म्हणून आनंद मानतो. तोच महिना-दीड महिना उशिरा, गारा घेऊन आला, तर त्याला अवकाळी म्हणतो व कपाळाला हात लावतो. पाहुणा एकच, पण तो कोणत्या दिवशी दारी येतो यावर त्याचे स्वागत अवलंबून असते.

हा पाहुणा येतो कोठून? दूर पश्चिमेकडे, भूमध्य समुद्राच्या आसपास थंड व उष्ण हवेची गाठ पडून वादळे निर्माण होतात. उंच आकाशातून पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड वाहणाऱ्या वाऱ्यावर आरूढ होऊन ती इराण व अफगाणिस्तान ओलांडतात आणि हिंदुस्थानच्या उत्तर सीमेवर येऊन थडकतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. आपल्या वाट्याला येते ते बहुधा त्यांचे शेपूट. मुख्य अंग हिमालयावरून जाते. त्या हिमालयाच्या पाठीमागे जो प्रदेश आहे, तेथे वसंत ऋतू कसा असतो, हे आज सांगावयाचे आहे.

या विषयाचे निमित्त आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने दिले. तो सैन्यात आहे. दोन वर्षे लडाखमध्ये काढून ईस्टरच्या सणासाठी तो रजेवर घरी आला होता. एके सायंकाळी माझ्या ओसरीवर बसला असता मी त्याला सहज विचारले, "काय रे, तिकडच्या थंडीची भीती वाटत असेल, नाही?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "फादर, थंडी ठाऊक असते, तिची तयारी करता येते. भीती वाटते ती मार्च-एप्रिलातल्या स्वच्छ सकाळची." हे उत्तर मला मोठे विलक्षण वाटले. स्वच्छ सकाळीला मनुष्याने का भ्यावे? पुढे त्याच्याशी झालेल्या बोलण्यावरून व थोड्याफार वाचनावरून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो.

उंचावरचे वाळवंट

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानची तापलेली वाळू उभी राहते. परंतु वाळवंट उष्णतेने होत नाही. ते पाण्याच्या अभावाने होते. लडाखचे मुख्य नगर लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर वसले आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर एकावर एक दोनदा रचले, तरी ते लेहच्या अंगणाला पोहोचणार नाही. या नगरात वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. कोकणात आषाढातल्या एका धुवांधार दिवसात तेवढे पडून जाते!

याचे कारण दक्षिणेकडची हिमालयाची भिंत. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले पाणी या भिंतीच्या अलीकडच्या अंगावर रिते करतात, आणि पलीकडे पोहोचतात ते बहुतेक कोरडे होऊन. सह्याद्रीच्या अलीकडे व पलीकडे पावसात किती अंतर पडते, हे घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. तोच प्रकार येथे शतपटीने वाढवून कल्पावा. हिवाळ्यात येणारे पश्चिमी विक्षोभही आपले बहुतेक बर्फ काश्मीरच्या बाजूच्या पर्वतांवर टाकतात. जे थोडे पलीकडे जाते, त्याच्यावर लडाखचे जीवन चालते. उघडे, तांबूस, करडे डोंगर. मधूनच सिंधू नदीचा चकाकणारा पट्टा. आणि जेथे डोंगरावरून एखादा ओढा खाली येतो, तेथे हिरव्या रुमालाएवढे एक गाव. ओढा नाही तेथे गाव नाही.

एका दिवसात चार ऋतू

अशा देशात हिवाळा कठोर असतो, पण तो आपल्या शब्दाला जागतो. उन्हाळाही आपल्या परीने भरवशाचा. या दोहोंच्या मधला काळ, म्हणजे मार्चपासून मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंतचा वसंत, तेवढा बेभरवशाचा.

एप्रिल महिन्यातला एक दिवस घ्या. पहाटे पारा शून्याच्या आसपास, बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी. सूर्य डोंगरावर आला की तासाभरात अंगावरचे लोकरीचे वस्त्र नकोसे होते. हवा विरळ आहे, समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढाच तिचा दाब. त्यात धूळ नाही, बाष्प नाही. त्यामुळे ऊन थेट अंगावर येते, आणि सावलीत पाऊल टाकताच ऊब तत्काळ नाहीशी होते. डोके उन्हात व पाय सावलीत ठेवून बसणाऱ्याला उष्माघात आणि हिमदंश एकाच वेळी होईल, असे तिकडचे प्रवासी विनोदाने म्हणतात.

दुपार कलू लागली की उघडे खडक तापतात, त्यांच्यालगतची हवा वर चढू लागते आणि तिची जागा घेण्यासाठी खोऱ्याच्या खालच्या अंगाकडून वारा सुटतो. हा वारा वाळू उडवतो, तंबूच्या दोऱ्या ताणतो, डोळे उघडू देत नाही. लेहच्या विमानतळावर विमाने मुख्यतः सकाळच्या वेळीच उतरविण्याचा प्रघात पडला आहे, त्याचे एक कारण हा दुपारचा वारा होय. सायंकाळी तो निवळतो. आणि एखादा विक्षोभ दाराशी आला असेल, तर त्याच रात्री भुरभुर बर्फ पडू लागते. सकाळी पाहावे तो जर्दाळूच्या फुललेल्या फांद्यांवर हिमाचा थर!

जर्दाळू हा तिकडच्या गरिबाचा आंबा समजा. सिंधूच्या खालच्या खोऱ्यातील गावांत एप्रिलमध्ये ही झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लवतात. हिमवृष्टीनंतर ढग विरून रात्र निरभ्र झाली, तर जमिनीची ऊब आकाशात निघून जाते व कडक दहिवर पडते. फुले काळवंडतात. एका रात्रीत कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न जाते. दिवसाचा लाभ असा रात्री हिरावला जातो, आणि त्याबद्दल दाद कोणाकडे मागावी?

स्वच्छ सकाळचा मोह

आता त्या जवानाच्या शब्दांकडे वळू. काश्मीरच्या खोऱ्यातून लडाखला जाणारी वाट झोजी-ला या घाटावरून जाते. 'ला' म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. हिची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट, म्हणजे हिमालयाच्या मानाने फारशी नव्हे; परंतु पश्चिमेकडून येणारे प्रत्येक वादळ आपले ओझे येथेच उतरवीत असल्यामुळे हिच्यावर बर्फ अतोनात साचते. पूर्वी हा रस्ता वर्षातले पाच-सहा महिने बंद असे. आज यंत्रांच्या साहाय्याने बर्फ कापून तो काही वर्षी महिना-दोन महिन्यांच्या खंडानेच खुला करण्यात येतो, आणि डोंगराच्या पोटातून बोगदाही खोदण्यात येत आहे. तरीही वसंतातले बर्फ ते वसंतातलेच.

हिवाळ्यातले बर्फ कोरडे व गोठलेले असते. वसंतात दिवसा त्यात पाणी मुरते, थरांची पकड सुटते, आणि दुपारच्या उन्हात अख्खा उतार घसरून खाली येतो. म्हणून जुने वाटाडे ही खिंड रात्रीच्या अखेरच्या प्रहरी, बर्फ दगडासारखे घट्ट असताना, ओलांडीत. स्वच्छ सकाळ पाहून जो उशिरा निघतो आणि "आज काही भय नाही" असे म्हणतो, तोच दुपारी हिमपाताच्या वाटेत सापडतो.  दोन वादळांच्या मधला निळा दिवस हा विसावा आहे की ऋतुबदल आहे, हे त्या दिवसाकडे पाहून कळत नाही.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका येशूसंघीय धर्मगुरूंना याचा कडू अनुभव आला. त्यांची हकीकत आपल्या वाचकांना जवळची वाटेल. फादर अंतोनियो द आंद्राद हे पोर्तुगालहून १६०० साली गोव्यास आले व पुढे आग्र्याच्या मिशनचे प्रमुख झाले. ३० मार्च १६२४ रोजी ब्रदर मानुएल मार्केश यांच्यासह ते आग्र्याहून निघाले आणि बदरीनाथच्या यात्रेकरूंच्या संगतीने गढवालच्या पर्वतात शिरले. तेथून माना खिंडीने त्यांना पश्चिम तिबेटात, सतलजकाठच्या त्सापारांग नगरीस जावयाचे होते. हा प्रदेश लडाखच्या आग्नेयेस, त्याच कोरड्या पठारावर आहे. माना खिंड साडेपाच हजार मीटरांहूनही उंच. झोजी-ला तिच्यापुढे ठेंगणी.

वाट अजून खुली झाली नव्हती. बर्फ वितळेपर्यंत थांबावे, असा सरळ मार्ग होता. पण थांबल्यास स्थानिक अधिकारी अडवतील ही भीती होती. म्हणून मार्केश यांना मागे ठेवून फादर आंद्राद दोन ख्रिस्ती सेवक व माना गावचा एक वाटाड्या घेऊन पुढे निघाले. थोड्याच दिवसांत गावकऱ्यांनी पाठलाग करून वाटाड्यास परत नेले. तिघेजण तसेच चढत राहिले. कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत बर्फ. पाय इतके बधिर झाले की त्यांना कशाचीही जाणीव उरली नाही. हाताच्या बोटाचा तुकडा गळून पडला, तो वेदनेने नव्हे तर रक्त पाहून त्यांना कळला. शुभ्र बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने डोळे दिसेनासे झाले. अखेर ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले, पण पलीकडे दृष्टीस पडला तो वाट नसलेला, चिन्ह नसलेला एकच पांढरा विस्तार. ते माघारी वळले.

पुढे मार्केश यांची भेट झाली. दोघांनी बर्फ वितळण्याची वाट पाहिली, आणि त्याच खिंडीतून, त्याच पायांनी, ऑगस्टच्या आरंभी फादर आंद्राद त्सापारांगला पोहोचले. ८ नोव्हेंबर १६२४ रोजी आग्र्याहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा सारा वृत्तान्त कळविला. ते पत्र १६२६ साली लिस्बनला छापून निघाले. १२ एप्रिल १६२६ या ईस्टरच्या दिवशी त्सापारांगला एका चर्चची पायाभरणीही झाली. ते मिशन फार काळ टिकले नाही. फादर आंद्राद गोव्यास परतले आणि १९ मार्च १६३४ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. धैर्यात ते कोणास हार जाणारे नव्हते. परंतु ज्या खिंडीने वसंतात त्यांचे बोट घेतले, तिनेच काही आठवड्यांनी त्यांना वाट दिली. पर्वत तोच होता. बदलला होता तो केवळ दिवस.

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, १७१५ च्या मे महिन्यात, फादर इप्पोलितो देसिदेरी हे दुसरे येशूसंघीय श्रीनगरहून निघाले आणि झोजी-लाची वाट पायी चालून जूनअखेर लेहला पोहोचले. आज मोटारीला हा प्रवास एक-दोन दिवसांचा आहे.

ज्याचा घात, त्याचाच आधार

येथवर वाचून कोणी म्हणेल की अशा वसंतापेक्षा हे ढग तिकडे न आलेलेच बरे. परंतु गोष्ट इतकी सोपी नाही.

लडाखच्या पूर्वेस चांगथांग नावाचे अतिउंच पठार आहे. तेथील चांगपा लोक याकच्या केसांच्या काळ्या तंबूंत राहून शेळ्या-मेंढ्या पाळतात. जगप्रसिद्ध पश्मिना लोकर याच शेळ्यांची. हिवाळा संपता संपता त्या वितात. नेमके त्याच दिवसांत उशिराचे बर्फ पडले आणि हटले नाही, तर खुरटे गवत झाकले जाते; दूध आटते; करडे थंडीने दगावतात. २०१३ च्या आरंभी असे अवेळी व अतोनात बर्फ पडून तेथे हजारो जनावरे मेली. एरवी निळ्या आकाशाखाली सुखाने चरणारा कळप ही त्या कुटुंबाची शेती, पेढी व हुंडी सर्व काही असते. त्या मेंढपाळाने ढगाला शिव्याशाप दिले तर त्याला दोष कोण देईल?

पण चार मुक्काम खाली सिंधूकाठच्या गावात या. तेथील शेतकरी त्याच ढगाकडे आशेने डोळे लावून बसलेला असतो. लडाखचे मुख्य पीक सातू. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते, कारण हंगाम लहान आहे. पेरणी लांबली तर कणीस पिकण्याआधीच थंडी परतते. कित्येक गावांत डोंगरधारेवर दगडांचा एक मनोरा रचलेला असतो. सूर्य त्या खुणेवर आला की पेरणीची वेळ झाली, असे जुने लोक ठरवीत. अंगावर ऊन-पाऊस घेणाऱ्या आकाशापेक्षा सूर्याच्या चालीवर त्यांनी अधिक विश्वास ठेवला, यात त्यांचे शहाणपण दिसते.

परंतु पेरणीला पाणी हवे, आणि खरी अडचण येथेच आहे. मोठ्या हिमनद्या फार उंचावर असल्यामुळे त्यांचे पाणी जूनमध्ये वाहू लागते. एप्रिलमध्ये ओढ्याला जे पाणी असते, ते खालच्या उतारांवरील हिवाळी व वासंतिक बर्फाचे. ज्या वर्षी ते पडले नाही, त्या वर्षी मनोऱ्यावर सूर्य येतो, नांगराला झो जुंपला जातो, आणि पाट मात्र कोरडा राहतो. म्हणजे जे बर्फ खिंडीत प्रवाशाला गाडते व पठारावर करडांना मारते, तेच गावात पहिली पाळी देते.

म्हणून तेथे पाण्याची व्यवस्था मोठ्या काटेकोरपणे केली जाते. ओढ्याच्या पाटाला ते 'युरा' म्हणतात, रात्रीचे पाणी साठविण्याच्या तळ्याला 'झिंग'. पाणी कोणाच्या शेताला, केव्हा व किती वेळ द्यावयाचे, हे पाहण्यासाठी गावाने नेमलेला मनुष्य असतो. त्यास 'चुरपोन' म्हणतात. आपल्याकडचा पाटकरीच तो! त्याचा शब्द वरच्या वाडीनेही मानावयाचा आणि खालच्या वाडीनेही. जेथे आकाशाचा भरवसा नाही, तेथे माणसांचा परस्परांवर भरवसा नसेल तर गाव एक हंगामही टिकणार नाही.

वसंतासाठी जपून ठेवलेला हिवाळा

अलीकडे ही अडचण वाढली आहे. हिमनद्या आक्रसत आहेत. झंस्करमधील कुमिक या पुरातन गावाचा ओढा इतका आटला की तेथील लोकांना खाली, नदीजवळच्या उजाड माळावर नवे गाव वसविण्याचा निर्णय घ्यावा लागला. बापजाद्यांची घरे व शेते सोडताना काय वाटले असेल, हे धरणाखाली गाव गेलेल्या आपल्या बांधवांना सांगावयास नको.

या संकटावर लडाखच्याच एका सुपुत्राने साधा उपाय शोधला. चेवांग नॉरफेल हे सरकारी खात्यात स्थापत्य अभियंता होते. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जाते, हे ते पाहत होते. आणि जेथे सावली आहे व प्रवाह मंद आहे, तेथे ते गोठून राहते, हेही त्यांनी हेरले. मग गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सावलीत दगडांचे ठेंगणे बांध घालून त्यांनी हे पाणी थांबविले व थराथराने गोठू दिले. १९८७ साली फुकत्से गावी असा पहिला बांध झाला. खऱ्या हिमनदीहून हे बर्फ पुष्कळ खाली असल्यामुळे ते लवकर, नेमके पेरणीच्या वेळी वितळते. २०१५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात याच विचाराला वेगळा आकार दिला. वरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखे उडवावयाचे. कडाक्याच्या रात्री ते खाली पडता पडता गोठते व त्याचा शंकू उभा राहतो. शंकूचा फार थोडा पृष्ठभाग उन्हाला सापडतो, म्हणून तो खाली सपाट पसरलेल्या बर्फापेक्षा अधिक दिवस टिकतो. त्या पहिल्या प्रयोगातले बर्फ मे महिन्यापर्यंत टिकले होते. लोक त्याला हिमस्तूप म्हणतात. या उपायांनी सर्व गावांची तहान भागली आहे, असे नव्हे. बांध दरवर्षी डागडुजी मागतात, नळ गोठून फुटतात, आणि मुळात ओढ्यालाच पाणी नसेल तर गोठवावयाचे काय? तरीही वसंताने दगा दिला तर हाती काही असावे, म्हणून आदल्या हिवाळ्यातच तरतूद करणे, हा विचार मला मोठा मोलाचा वाटतो.

असो. आमच्या जवानाची रजा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी वायव्येला ढग दिसू लागले. मी त्याला निरोप देण्यासाठी गेलो, तेव्हा मायलेक खळ्यावर ताडपत्री ओढण्यात गुंतले होते. मीही एक टोक धरले. काम उरकल्यावर तो ढगांकडे पाहत म्हणाला, "आई, आज तिकडे घाटात बर्फ पडत असणार."

तिने पदराने घाम टिपला व विचारले, "ते तिकडच्यांना चांगलं की वाईट?"

"घाटात असेल त्याला वाईट," तो म्हणाला, "शेतात असेल त्याला चांगलं."

त्या माउलीने ढगाकडे पाहिले, मग झाकलेल्या गव्हाकडे पाहिले, आणि ताडपत्रीच्या कडेवर आणखी एक दगड आणून ठेवला.